कोंबड्याच्या जागी नारळ

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कित्येक गावांत, कोणी सभा भरवून ठराव केला नसताना आणि कोणाच्या सरकारी हुकुमाची वाट पाहिली नसताना, गेल्या दोन-तीन पिढ्यांत एक फेरफार बिनबोभाट होत आला आहे. ज्या राखणदाराला, म्हणजे शिवाराचे रक्षण करणाऱ्या दैवताला, शेताच्या मेरेवर वर्षाकाठी कोंबडा देण्याची वहिवाट होती, त्याच्यापुढे आता कुठे नारळ फुटतो, कुठे कोहळा चिरला जातो, आणि गाऱ्हाणे घालणारा मानकरी तेच पूर्वापार शब्द उच्चारून, जमलेल्या मंडळींकडून तोच ‘होय महाराजा’चा होकार घेऊन, मान पोचला असे जाहीर करतो. सर्वत्र हे झालेले नाही; कोंबड्याचा मान बिनतक्रार चालू असलेल्या जागा मालवण-कुडाळ-वेंगुर्ल्याच्या खेड्यांतून अजून पुष्कळ आहेत, आणि तिथल्या माणसांना आपण काही गैर करतो असे वाटतही नाही. परंतु जिथे बदल झाला आहे तिथे त्याच्यामागोमाग एक शास्त्रार्थही येऊन बसला आहे. कोंबडा म्हणजे मनुष्याचा अहंकार, सुरी म्हणजे विवेक, सांडणारे रक्त म्हणजे वासना, आणि म्हणून खरा बळी आत द्यायचा असतो, असे प्रवचनकार सांगतात, श्रोते मान डोलावतात, आणि घरी जाताना कोणाच्याही अहंकाराचे वजन मासाभर कमी झालेले दिसत नाही.

बदलाबद्दल माझी तक्रार नाही. शास्त्रार्थही मला मुळात चुकीचा वाटत नाही. हा शास्त्रार्थ आपण देणे फिटल्याच्या पावतीसारखा खिशात घालतो, आणि ते देणे खरोखर चुकते झाले की नाही याची रुजुवात कोणी करीत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. यज्ञाचा आंतरिक अर्थ लावणे ही परकीयांच्या टीकेने ओशाळलेल्या सुशिक्षितांनी शोधलेली पळवाट आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. ते खरे नाही. इसवी सनापूर्वी कित्येक शतके रचल्या गेलेल्या शतपथ आणि ऐतरेय या ब्राह्मणग्रंथांत एक कथा येते, ती अशी की देवांनी आरंभी मनुष्याचा बळी दिला, तेव्हा त्याच्यातला मेध, म्हणजे हवन करण्याजोगे सत्त्व, निघून घोड्यात शिरला. घोड्यातून तो बैलात गेला, बैलातून मेंढ्यात, मेंढ्यातून बोकडात, आणि अखेरीस भूमीत उतरला. देवांनी भूमी खणली तेव्हा तो भात आणि जव या धान्यांच्या रूपाने त्यांच्या हाती लागला. म्हणून धान्याचा पुरोडाश, म्हणजे हवनासाठी भाजलेला पिठाचा रोट, संपूर्ण पशूच्या तोलाचा आहे असे शतपथकार सांगतो, आणि त्याचा हिशेबही मांडतो: कोरडे पीठ हे केस, त्यात पाणी पडले की त्वचा, मळले की मांस, भाजले की अस्थी, तूप घातले की मज्जा. ज्या किनाऱ्यावर भात हेच मुख्य पीक आहे आणि देवचार या राखणदाराला तांदळाचा जाड रोट देण्याची चाल आजही चालू आहे, तिथल्या माणसाला ही कथा परकी वाटू नये. बोकड ते धान्य हा प्रवास सुधारकांनी सुरू केलेला नाही. यज्ञ करणाऱ्यांनीच तो सुरू केला आणि त्याची नोंद आपल्या दप्तरात करून ठेवली.

त्या दप्तरात आणखीही एक गोष्ट आढळते, आणि ती म्हणजे मारणाऱ्याच्या मनातली अस्वस्थता. यूपासाठी, म्हणजे पशू बांधायच्या खांबासाठी, झाड तोडायचे, तर जिथे पहिला घाव पडणार तिथे दर्भाची काडी ठेवावी, त्या तृणाला रक्षण कर म्हणावे आणि कुऱ्हाडीला इजा करू नकोस म्हणून विनवावे, असा विधी आहे. पशूचा वध वेदीजवळ होत नाही. तो बाहेर, शमिता म्हणविणाऱ्या वधकर्त्याच्या हातून, रक्त न सांडता, श्वास कोंडून होतो, आणि त्या क्षणी ऋत्विजांनी तोंड फिरवून बसावयाचे असते. अश्वमेधाच्या ऋग्वेदीय सूक्तात घोड्याला असे आश्वासन दिले आहे की तू वस्तुतः मरत नाहीस, तुला अपाय होत नाही, तू सुगम मार्गांनी देवांकडे जातोस. ज्याला आपण काही वावगे करतो असे मुळीच वाटत नाही तो असे आश्वासन देत बसत नाही. पुरुषमेधाच्या प्रकरणात तर शतपथकाराने यूपांना बांधलेली माणसे अग्नी फिरवून झाल्यावर सोडून देवविली आहेत. आणि शुनःशेपाच्या कथेत, शंभर गाई घेऊन पोटचा मुलगा विकणारा, आणखी शंभरांवर त्याला बांधणारा आणि आणखी शंभरांवर सुरी हाती घेणारा अजीगर्त हा बाप ऐतरेयकाराने असा काही रंगविला आहे की ऐकणाऱ्याची सहानुभूती कुठे जावी याविषयी संशय राहत नाही. शिमग्याला आमच्याकडे होळीसाठी आंब्याचे वा पोफळीचे झाड तोडून वाजतगाजत आणतात, आणि पुष्कळ ठिकाणी तोडण्यापूर्वी त्याची पूजा करून गाऱ्हाणे घालतात, त्यातही या जुन्या अस्वस्थतेचा अंश मला दिसतो.

तथापि यज्ञातला आंतरिक परिवर्तनाचा भाग पाहायचा तर बळीपेक्षा दीक्षेकडे पाहावे. सोमयागाच्या आरंभी यजमानाला दीक्षा देतात, ती काय असते? ऐतरेय ब्राह्मण सांगते की ऋत्विज त्याला पुन्हा गर्भ करतात. ज्या मंडपात त्याला बसवतात तो त्याचा गर्भाशय. अंगावरचे वस्त्र आणि त्यावरचे कृष्णाजिन ही गर्भावरची आवरणे. मुठी त्याने आवळून धरायच्या, कारण गर्भ मुठी आवळूनच असतो. दूध एवढाच त्याचा आहार, बोलणे मोजके, अंगाला खाज सुटली तर नखाने खाजवायचे नाही, काळविटाच्या शिंगाने खाजवायचे. हा कालपर्यंतचा घरधनी, गाईगुरांचा मालक, कुटुंबाचा कर्ता, आता नामरूपाने जणू शून्यवत होऊन बसला आहे, आणि यागाच्या शेवटी अवभृथस्नान करून तो बाहेर पडेल तेव्हा नवा जन्मलेला असेल, अशी कल्पना आहे. त्याच ब्राह्मणात पुढे असे विवरण येते की दीक्षित हा सर्व देवतांना स्वतःलाच अर्पण करून चुकलेला असतो आणि पशू देऊन तो स्वतःला सोडवून घेतो. बोकड हा देवाला आवडणारा खाऊ म्हणून यूपाला बांधलेला नाही. यजमानाने स्वतःचे प्राण जिथे ठेवायचे तिथे तो ठेवला आहे. आता हे एकदा नीट लक्षात घेतले, की ‘कोंबडा म्हणजे अहंकार’ हे वाक्य पोकळ का वाटते हेही लक्षात येते: त्यात दीक्षेचे दिवस नाहीत, आवळलेल्या मुठी नाहीत, दुधावरचे राहणे नाही, नुसता शेवटचा पशू उचलून त्याचा अर्थ सांगितला आहे.

उलट, ज्यांना कोणी तत्त्वज्ञ म्हणणार नाही अशा आमच्या गावऱ्हाटीच्या, म्हणजे गावच्या देवस्थान आणि मानपानाच्या रूढ व्यवस्थेच्या, रीतींत दीक्षेचा हा गाभा पुष्कळ शाबूत राहिला आहे. मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची यात्रा भरते. तिची तारीख पंचांगात छापलेली नसते. ती पारधीनंतर देवीचा कौल घेऊन ठरते. लाखो माणसे लोटणाऱ्या त्या यात्रेच्या गजबजाटात आंगण्यांच्या घराघरांतून स्त्रिया देवीच्या नैवेद्याचे ताट रांधतात, ते तोंडातून एक अक्षर न काढता. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीला माउलीच्या जत्रेत नवस फेडणारे पुरुष देवळाभोवती लोटांगण घालतात. तिथे देण्याघेण्याचे द्रव्य म्हणजे स्वतःचे शरीर. आणि आचऱ्याची गावपळण तर सर्वांहून विलक्षण: रामेश्वराचा कौल झाला की दर काही वर्षांनी सारा गाव गुरे, कोंबडी, कुत्री यांच्यासह वेशीबाहेर पडतो, तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहतो, आणि पुन्हा कौल मिळाल्याखेरीज परतत नाही. घराची कुलपे, गुरांचे गोठे, अंगणातले तुळशीवृंदावन, हे सारे आपले आहे या ठाम समजुतीला तीन दिवस रजा देणे हा कात्यायनाच्या व्याख्येप्रमाणेही यज्ञच होतो. कारण द्रव्य, देवता आणि त्याग या तिहींनी तो यज्ञ ठरवितो, आणि यजमानाने ‘हे माझे नव्हे’ म्हणत हात मागे घेतल्यावाचून आहुती पुरी होत नाही. गावपळणीत प्रतीकाचा अर्थ सांगणारा कोणी नसतो. चुलीवाचून, दारावाचून राहिलेली माणसे परत येतात, एवढेच.

गावऱ्हाटीचे गोडवे गाण्याचा मात्र माझा इरादा नाही. त्या व्यवस्थेत कोणाचा मान पहिला, कोणी देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत यायचे, बळीतला कोणता वाटा कोणाच्या घरी जायचा, याचे हक्क जातवार वाटलेले होते. आणि त्या हक्कांपायी भाऊबंदांनी आणि मानकऱ्यांनी दिवाणी कोर्टांची पायरी किती वेळा झिजवली हे या जिल्ह्यातल्या वकिलांना चांगले ठाऊक आहे. श्रौत यज्ञांचीही गोष्ट वेगळी नव्हती. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानात निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतील सर्वतोमुख यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, आणि पोचले ते बंडाच्या वणव्यात. ‘माझा प्रवास’ हे अनमोल पुस्तक त्या फसलेल्या दक्षिणेमुळे आपल्याला मिळाले, ही यज्ञसंस्थेची मराठी वाङ्मयावरची एक अनपेक्षित मेहेरबानीच म्हटली पाहिजे. जो यज्ञ द्रव्यवंतालाच परवडतो आणि ज्याचा अधिकार जन्माने ठरतो, त्याला आत वळविण्याची मोठी कामगिरी उपनिषदांनी केली. बृहदारण्यकाच्या आरंभीच अश्वमेधाचा घोडा विश्वरूप होऊन उभा राहतो, उषा त्याचे मस्तक होते. छांदोग्यात घोर आंगिरस देवकीपुत्र कृष्णाला असा यज्ञ शिकवितो की ज्यात मनुष्याचे आयुष्य हाच याग आणि तप, दान, आर्जव, अहिंसा आणि सत्यवचन ही त्याची दक्षिणा. ही दक्षिणा देण्यासाठी कोणाच्या सनदेची गरज नाही, आणि ती दुसऱ्याच्या खर्चाने देताही येत नाही. त्याच उपनिषदात जेवणाचे पहिले घास प्राणांना आहुती म्हणून सांगितले आहेत. जुन्या घरांतून पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणारी आणि प्राणाहुती घेणारी माणसे आजही आढळतात, मात्र त्यांतल्या किती जणांना आपण यज्ञ करतो आहोत याचे भान असते, कोण जाणे.

मराठीत हा धागा ज्ञानेश्वरांनी इतका घट्ट धरला की पुढे कोणी तो सोडू शकला नाही. तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना पर्जन्यासाठी पशुयाग सांगणाऱ्या पूर्वमीमांसकांची त्यांनी जी हजेरी घेतली आहे, ती वाचताना ते सौम्यत्वाचे मूर्तिमंत उदाहरण आहेत हे क्षणभर विसरायला होते. आणि ग्रंथाच्या शेवटी आपल्या सबंध ग्रंथालाच ते वाणीचा यज्ञ म्हणतात. पण ज्ञानेश्वरांच्या यज्ञात बाहेरचे कर्म गळून पडलेले नाही. तिसऱ्या अध्यायात स्वधर्माचे आचरण हाच नित्ययज्ञ असे त्यांनी बजावले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत चौथ्या अध्यायाच्या निमित्ताने विनोबांनी हेच सांगितले आहे की बाहेरच्या कर्माला आतल्या विकर्माची जोड हवी. दोहोंपैकी एकच ठेवले तर कर्म यंत्रवत होते किंवा मन नुसतेच हवेत तरंगते. आमचे प्रवचनकार यातला अर्धा भाग घेतात आणि सोयीचा तेवढाच घेतात.

येथे एका परदेशी पंडिताचा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. १९७५ साली केरळातील पांजाळ येथे नंबुद्री ब्राह्मणांनी अग्निचयन केले, ते फ्रिट्स स्टाल या डच संशोधकाने समग्र चित्रित केले. त्या यागात बोकडांच्या जागी केळीच्या पानात गुंडाळलेले तांदळाचे पीठ वापरण्यात आले. स्टालने पुढे असा सिद्धांत मांडला की कर्मकांडाला मुळी अर्थच नसतो. व्याकरणासारखे त्याला नियम असतात, आणि करणाऱ्याला ते नियम बिनचूक पाळण्याखेरीज दुसरे काही अभिप्रेत नसते. अर्थ मागाहून पंडित चिकटवितात. अर्थ मागाहून चिकटतो हे मला पुष्कळ अंशी कबूल आहे, आणि आमच्या प्रवचनांवरून तर ते सिद्धच होते. पण दहा-बारा दिवस दुधावर राहणारा दीक्षित, किंवा ताट रांधताना तोंड मिटून बसलेली आंगणेवाडीची माहेरवाशीण, ही अर्थ जाणत नसली तरी काही सोडीत असते. आणि सोडण्याचा मनुष्यावर परिणाम होण्यासाठी त्याला अर्थ ठाऊक असावाच लागतो असे नाही. नियम आणि अर्थ यांच्या वादात त्याग ही तिसरी वस्तू स्टालच्या नजरेतून निसटली असे मला वाटते.

शब्दशः अर्थ घेण्याचा धोका वेगळा, आणि तो किती भयंकर असू शकतो हे महाराष्ट्राला सांगायला नको. गुप्तधनासाठी पोर मारणारे लोक याच राज्यात निघाले म्हणून तर नरबळी आणि अघोरी प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा २०१३ साली करावा लागला, तोही त्या वर्षीच्या २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर आधी वटहुकूम काढून. गाडगे महाराजांनी हातात खराटा आणि मुखी कीर्तन घेऊन नवसाच्या बोकडांविरुद्ध जन्मभर जी मोहीम चालविली, तिला प्रतीकांच्या मीमांसेची गरज पडली नाही. देव जर आईबाप, तर तो लेकरू मागेल काय, असल्या साध्या विचारण्याने त्यांचे काम भागत असे. त्या दिशेचे पाऊल मागे घ्यावे असे मला मुळीच वाटत नाही. बोकड वाचला हे चांगलेच झाले. पण बोकडाबरोबर यजमानही सुटला, ही त्या व्यवहारातली खोट आहे.

आमच्या किनाऱ्यावरचे याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण देवळात नाही, ते बंदरावर आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हापासून मालवणच्या नारळी पौर्णिमेला निराळेच महत्त्व आले. किल्ल्यावरून समुद्राला सोन्याचा नारळ अर्पण होत असे, अशी परंपरा सांगतात. श्रावणातला हा नारळ पूर्वी एका दीर्घ व्रताचे उद्यापन होता. मिरगापासून समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, आणि पुष्कळ जातींच्या मासळीचा हा विणीचा काळ. त्या काळात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायची नाही, जाळे टाकायचे नाही, सुके खारे खाऊन दिवस काढायचे, आणि पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच होडी लोटायची. या व्रतात अहंकाराचे नाव कोणी घेतले नव्हते, पण दोन-अडीच महिने भुकेच्या काठावर हात आवरून बसण्याची दीक्षा होती, आणि तिचे फळ पुढच्या हंगामात सगळ्या गावाला मिळत होते.

आज मासेमारीवरची सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची असते. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी त्यानंतर येते. म्हणजे यांत्रिक नौका आधी समुद्रात जातात आणि नारळ मागाहून जातो. तो वाजतगाजत, ढोलताशांत, पुढाऱ्यांच्या हातून जातो, छायाचित्रे निघतात, आणि व्यासपीठावरून कोणीतरी सांगतो की नारळ म्हणजे आपला अहंकार, तो आपण सागराला वाहतो. इकडे बंदीच्या काळातही चोरून मासेमारी झाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली राज्याने निर्बंध घातले आणि प्रखर दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करून पकडण्यावर पुढल्याच वर्षी केंद्राने बंदी आणली, तरी परप्रांतीय आणि स्थानिक मोठ्या नौकांची तक्रार घेऊन मालवण-देवगडचा पारंपरिक मच्छीमार दर हंगामात मत्स्यखात्याच्या कचेरीत उभा असतोच. लहान होडीवाला वादळाच्या भीतीने म्हणा की वाडवडिलांच्या रीतीने म्हणा, पौर्णिमेपर्यंत थांबतो. त्याने थांबून वाढविलेली मासळी दुसरा उचलून नेतो.

ऐतरेयातला यजमान आपल्या जागी पशू ठेवून स्वतःची सोडवणूक करून घेत होता, पण त्यापूर्वी मुठी आवळून गर्भवत बसत तरी होता. इथे मुठी आवळून रापणकर बसतो, आणि सोडवणूक भलत्याचीच होते. म्हणून नारळी पौर्णिमेच्या सभेत प्रतीकाचा अर्थ सांगण्याऐवजी मच्छीमार सोसायट्यांनी, देवस्थानांच्या मानकऱ्यांनी आणि नौकामालकांनी एका जागी बसून एवढे ठरवावे, की बंदीची मुदत पौर्णिमेपर्यंत वाढवून मागायची, ती यांत्रिक आणि बिगरयांत्रिक सर्वांना सारखी लागू करवून घ्यायची, आणि त्या काळात ज्याच्या घरी चूल अडते त्याला निर्वाहापुरती रक्कम मोठ्या नौकांच्या वर्गणीतून द्यायची. ही रक्कम कोणाच्या खिशातून किती जाईल यावर पहिल्याच बैठकीत भांडण होईल, हे मला दिसते आहे. ते भांडण व्हावे.